ॲडमिरल हॅलस यांचं एकमेव युद्ध

आमच्या सार्नेल बेटावर नवा गव्हर्नर उतरला की धक्क्यावरची तोफ उडवतात. नुसता बार काढायचा, गोळा नसतो. ॲडमिरल हॅलस आले त्या दिवशीही तोफ उडवली, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका बारातून झालं. मी तेव्हा गव्हर्नरच्या बंगल्यावर स्वयंपाक आणि घरकाम बघायचे, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. त्यातलं बरंचसं माझ्याच टेबलावर घडलं, आणि त्यासाठी टेबलक्लॉथही माझाच गेला.

आधी साहेबांबद्दल सांगते. पूर्ण नाव व्हाइस ॲडमिरल सर पेरिग्रिन हॅलस. उंच, सरळ, वाऱ्यात उभे राहिले तरी केस हलायचे नाहीत. तेराव्या वर्षी नौदलात गेले ते थेट आमच्याकडे येईपर्यंत नौदलातच होते. आणि एवढ्या आयुष्यात त्यांनी एकही लढाई पाहिली नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यांचं जहाज दुरुस्तीला गोदीत पडलं होतं. दुरुस्ती झाली, रंग लागला, जहाज मोठ्या थाटात बंदराबाहेर पडलं, आणि किनाऱ्यावर चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. युद्ध संपलं होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते कप्तान झाले होते. पण कुठल्याशा मेजवानीत ते म्हणाले होते, "हल्ली दोर सडके येतात." हे कुणीतरी लक्षात ठेवलं. युद्ध पेटल्यावर त्यांना कॅनडात दोरांच्या कोठारावर नेमलं. बाकीचे कप्तान पाणबुड्या बुडवत होते आणि साहेब दोर राखत होते.

"एक वावभर दोरसुद्धा शत्रूच्या हाती लागू दिला नाही, माहेबाई," ते मला एकदा म्हणाले. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि बटाटे सोलत राहिले.

बढत्या मात्र मिळत गेल्या. वरचे आणखी वर गेले, बाजूचे देवाघरी गेले, आणि मधली जागा साहेबांना मिळत गेली. शेवटी ते इतके मोठे अधिकारी झाले, की त्यांना शोभेल असं जहाजच उरलं नाही. मग लंडनमध्ये कुणीतरी म्हणालं असणार, बेट म्हणजे तरी काय, पाण्यातलीच वस्तू. द्या एखादं.

तर ते आले. बँड वाजत होता, शाळेतली पोरं झेंडे हलवत होती, न्यायाधीश ब्रूआर झगा सावरत उभे होते. आमच्याकडे गव्हर्नर सही करतो आणि झाडं लावतो, कारभार सगळा न्यायाधीशांच्या हातात. तोफेपाशी म्हातारा एली फाल्ला होता. बेटाचा तोफची. त्याचे वडीलही तोफची होते. एलीला एका डोळ्याने अजिबात दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने त्याला हवं तेवढंच दिसायचं.

आता एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. युद्धात जर्मन आमच्या बेटावर येऊन बसले, तेव्हा त्यांनी हुकूम काढला की घरातलं लोखंड जमा करा. बेटाकडे तोफेचा एकच गोळा होता, एलीच्या आजोबांच्या काळातला. एलीने डोकं चालवलं. तोफेचा गोळा तोफेत कोण शोधेल? आणि खरोखरच कुणी शोधला नाही. जर्मन गेले. एली विसरला. मधल्या काळात नवा गव्हर्नर एकदाच आला, तोही मुसळधार पावसात, तेव्हा दारू भिजून बार फुसका गेला होता.

या वेळी ऊन होतं आणि दारू कोरडी होती.

असा आवाज झाला की बँडवाल्याचा कर्णा हातातून पडला. गोळा सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. समोर पाण्यापलीकडे होमे नावाचं पिटुकलं बेट आहे. एका टोकाला माणूस शिंकला तर दुसऱ्या टोकाची मेंढी दचकते, एवढंच. तिकडून फळकुटं उडाली आणि मागोमाग पिसांचा मोठा पांढरा ढग वर आला.

मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ॲडमिरल आहेत म्हणून खास बेत केलाय.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण मी त्यांच्या शेजारीच फुलं घेऊन उभी होते. ते पुटपुटले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "नेम मात्र अचूक होता."

होमेवर राशेल तोरोद राहायची. साठी उलटलेली, विधवा, मनगट सुताराचं आणि जीभ न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी. सोबत तिचा भाऊ थॉमस, ठार बहिरा, आणि कोंबड्या. कोंबड्या किती ते सांगता येणार नाही, पण सबंध सार्नेलला अंडी तिथूनच येत. आमच्याकडच्या कोंबड्या आम्ही युद्धातल्या उपासमारीत खाऊन टाकल्या होत्या, आणि नंतर पुन्हा पाळायचं राहूनच गेलं. कशाला पाळायच्या? ओहोटीला समुद्र मागे सरला की दोन बेटांमध्ये दगडी वाट उघडी पडते. टोपली घ्यायची, चालत जायचं, अंडी आणायची.

त्या दिवशी ओहोटी लागली आणि त्या वाटेवरून राशेलबाई आली. ढकलगाडी ढकलत. गाडीत गोळा होता.

साहेब बंगल्यावर पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. राशेलबाई थेट दिवाणखान्यात आली, गाडीसकट. गालिच्यावर चिखलाच्या दोन चाकोऱ्या उमटल्या.

"हा तुमचाच ना?" तिने विचारलं.

साहेब उठून उभे राहिले. "बाईसाहेब, मी अत्यंत दिलगीर आहे. कुणाला दुखापत...?"

"कोंबड्या बाहेर चरत होत्या म्हणून वाचल्या. खुराडं आणि आत साठवलेली पिसांची पोती, सगळ्याचा चुराडा झालाय. कोंबडा झाडावर चढून बसलाय, उतरत नाही. आणि थॉमस खूश आहे."

"खूश?"

"कित्येक वर्षांनी त्याला काहीतरी ऐकू आलं. तुमचे आभार मानायला सांगितलंय त्याने. ते मानून झाले. आता माझं ऐका." तिने कमरेवर हात ठेवले. "होमे आमच्या घराण्याकडे जुन्या राजांच्या वेळेपासून आहे. आम्ही दरसाल राजाला समुद्रपक्ष्यांची अंडी द्यायची आणि राजाने आमचं रक्षण करायचं. असा करार आहे. रक्षण म्हणजे तोफ डागणं नव्हे. करार तुम्ही मोडलात. आजपासून होमेचं सार्नेलशी युद्ध."

पाहुण्यांमधून कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीश ब्रूआर मात्र हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कपाळ चोळलं.

"राशेल, अगं असं काय करतेस? साहेब माफी मागतायत ना."

"तू कायद्याचं बोल, ऑसमंड. मला तसा हक्क आहे की नाही?"

"म्हणजे... हक्क तसा आहे," न्यायाधीश म्हणाले. "कुणी वापरलेला नाही इतकंच. जर्मनांच्या वेळीसुद्धा..."

"जर्मनांनी मला शरण ये म्हणून विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी साहेबांकडे बघत होते. आता ते हसून सोडून देतील, खुराडं बांधून देतो म्हणतील, मिटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता, की लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या तोंडावरही मी तसा पाहिलेला नाही.

"युद्ध?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे रीतसर?"

"रीतसर," राशेलबाई म्हणाली.

साहेबांनी टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. "बाईसाहेब, आपलं आव्हान मी स्वीकारतो."

"स्वीकारा नाही तर लोणचं घाला. गोळा ठेवून चाललेय. गाडी माझी आहे." गोळा गालिच्यावर घरंगळवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्याहारी घेऊन गेले तर टेबलावर नकाशे पसरलेले. होमे एवढंसं, की साहेबांनी ते मोठं करून काढलं होतं आणि त्यावर कोबीचे वाफेसुद्धा दाखवले होते.

"माहेबाई, आपण नाकेबंदी करतोय," ते म्हणाले.

"बरं साहेब. अंडं अर्धं कच्चं की पूर्ण उकडलेलं?"

"अर्धं कच्चं."

ते घरातलं शेवटचं अंडं होतं, पण तेव्हा आम्हा दोघांनाही त्याची कल्पना नव्हती.

नाकेबंदीला आरमार म्हणजे गव्हर्नरची मोटारलाँच आणि बंदरातली एक वल्ह्याची होडी. होडीवर एली फाल्लाला नेमलं, कारण तो मोकळा होता आणि त्याला अपराधी वाटत होतं. भरती आली की दोन्ही नावा होमेभोवती फेऱ्या घालायच्या. साहेब लाँचच्या टोकाला दुर्बीण लावून उभे. ओहोटी लागली की नाकेबंदी उठायची.

"का पण?" मी विचारलं. "ओहोटीतच तर लोक येतात-जातात."

"नौदलाचा अधिकार पाण्यावर असतो, माहेबाई. जमीन उघडी पडली की तो पायदळाचा प्रश्न. आणि पायदळ आपल्याकडे नाही."

त्यामुळे व्हायचं काय, की जेव्हा कुणीही जात नव्हतं तेव्हा कडक पहारा, आणि जेव्हा सगळे जात तेव्हा साहेब घरी जेवायला. अंडी आणायला बायका नेहमीसारख्या वाटेला लागल्या. पण पलीकडच्या टोकाला राशेलबाई काठी आडवी धरून उभी होती. "शत्रूला अंडी नाहीत," ती म्हणाली. "आमचं युद्ध चालू आहे. तुमच्या ॲडमिरलला विचारा."

खरी नाकेबंदी ती होती. पहिले काही दिवस लोकांना गंमत वाटली. मग बेकरीतला केक बंद झाला. मग फाल्लाच्या नातीचं लग्न आलं आणि त्यात अंड्याशिवाय केलेला काहीतरी तपकिरी दगड कापावा लागला. आमच्याकडे रविवारी सकाळी मडक्यात घालून भट्टीत शिजवलेला घेवडा आणि डुकराचं मांस खातात, त्याला अंडं लागत नाही. पण म्हणून सोमवारीही तेच आणि मंगळवारीही तेच? बाजारात लोक माझ्याकडे बघून बोलायचे.

"अदेल, तुझ्या साहेबाला म्हणावं, शरण जा बाबा."

"त्याला म्हणावं, अंडं तरी घाल."

"युद्धभर दोर राखले, आता आमची भूक राखतोय."

मी घरी येऊन हे सगळं साहेबांना सांगितलं, शेवटचं सोडून. ते गंभीर झाले. खिडकीशी उभे राहिले, होमेकडे पाहत.

"जनता माझ्या पाठीशी नाही तर."

"नाही साहेब."

"मोठमोठ्या सेनापतींवर ही वेळ आली आहे." मग वळून म्हणाले, "मी स्वतः जाऊन वाटाघाटी करतो. आपल्याकडे पांढरं निशाण आहे का?"

निशाण नव्हतं. माझ्या आईने विणलेला टेबलक्लॉथ होता, कडेला नाजूक जाळी असलेला. तो झाडूच्या दांड्याला बांधला. मोटारलाँच बिघडली होती, म्हणून होडी घेतली. एलीची कंबर धरली होती, म्हणून वल्ही मी मारली. साहेब पुऱ्या गणवेशात, कमरेला तलवार, हातात टेबलक्लॉथ, असे पुढे उभे.

"साहेब, पाणी उतरतंय," मी म्हणाले. "चालतच गेलो असतो तर बरं होतं."

"ॲडमिरल चालत वाटाघाटीला जात नाही, माहेबाई."

होमेचा किनारा हाकेच्या अंतरावर असताना होडी चिखलात रुतली. मी वल्ह्याने ढकललं, साहेबांनी तलवारीच्या म्यानाने ढकललं, काही होईना. पाणी बघता बघता निघून गेलं. आम्ही काळ्या चिखलात होडीत बसलेले, आणि समोर खडकावर राशेलबाई विणकाम घेऊन बसलेली. तिने मोज्याची टाच पुरी केली, मग मान वर केली.

"शरण येताय की भरतीची वाट बघताय?"

साहेबांनी एकदा चिखलाकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी नौदलातलं सगळं शिक्षण आठवून पाहिलं असावं. मग ते म्हणाले, "बाईसाहेब, जहाज रुतल्यावर प्रतिकार करणं म्हणजे खलाशांचा जीव धोक्यात घालणं." खलाशी म्हणजे मी. ते होडीतून उतरले ते मांडीपर्यंत चिखलात. एक बूट आतच राहिला. तसेच लंगडत किनाऱ्यावर गेले, तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली आणि राशेलबाईपुढे केली.

तिने ती थॉमसकडे दिली. थॉमसने धार बघितली, मान डोलावली आणि कोबी कापायला घेऊन गेला.

"त्या अदेलला घरी जाऊ दे," राशेलबाई म्हणाली. "तिचं भांडण नाही. तुम्ही माझे कैदी. खुराडं बांधता येतं?"

"नाही," साहेब म्हणाले.

"शिकाल."

साहेब होमेवर कैदेत राहिले आणि इकडे बेटाचं काहीच अडलं नाही. सह्या न्यायाधीशांनी केल्या. झाड लावायचं होतं ते शाळेच्या बाईंनी लावलं. अंडी पुन्हा मिळू लागली, कारण राशेलबाईच्या मते आम्ही आता हरलेलं राष्ट्र होतो आणि हरलेल्यांना उपाशी ठेवणं तिला पटत नव्हतं. मी ओहोटीला साहेबांचे धुतलेले कपडे घेऊन जायचे. एकदा गेले तर ते शर्टाच्या बाह्या सारून छपरावर बसलेले, तोंडात खिळे. राशेलबाई खालून ओरडत होती.

"अहो, ते फळकूट उलटं आहे! पाणी आत जाईल!"

"जहाजावर असंच बसवतात!"

"मग जहाजात ठेवा तुमच्या कोंबड्या!"

साहेबांनी फळकूट काढलं आणि सुलट बसवलं. उन्हाने रापले होते, थोडे जाडही झाले होते. राशेलबाई मोठ्या माशाचं सूप फार चांगलं करायची. मी विचारलं, "साहेब, सुटकेचं काही बोलणं काढू का?" ते म्हणाले, "घाई करू नका, माहेबाई. कैद्याचं कर्तव्य असतं." कसलं कर्तव्य, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण लंडनहून क्रिचलो नावाचा एक अधिकारी पाहणीला आला. तरुण, छत्री घेतलेला. न्यायाधीशांच्या कचेरीत मीच चहा घेऊन गेले होते.

"गव्हर्नर कुठे आहेत?"

"युद्धकैदी आहेत," न्यायाधीश म्हणाले.

क्रिचलोने साखर ढवळणं थांबवलं. "कुणाचे?"

"समोरच्या बेटाचे."

"ते बेट आपलंच आहे ना?"

"हो. म्हणून तर प्रश्न नाजूक आहे."

ओहोटीला आम्ही त्याला होमेवर नेलं. क्रिचलोने छत्री उघडून बंद केली, दोनदा घसा खाकरला. "सर पेरिग्रिन, कृपा करून माझ्याबरोबर चला."

"शक्य नाही," छपरावरून साहेब म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"मला," राशेलबाई म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या गाजरांवर उभे आहात."

क्रिचलो बाजूला सरला, तो थेट कांद्यांवर. शेवटी त्याला एकच चिंता होती, की हे वर्तमानपत्रात येता कामा नये. त्यामुळे तह करायचं ठरलं. स्वयंपाकघरात बसून बोलणी झाली. राशेलबाईने मागितलं काय, तर तोफ पुन्हा भरण्याआधी आत हात घालून बघायचं, आणि खुराडं पुरं झाल्याखेरीज कैदी सुटणार नाही. आणि सोडायचा झाला तर रिवाजाप्रमाणे कैद्याच्या बदल्यात कैदी.

इथे घोळ झाला. आमच्याकडे होमेचा एकही कैदी नव्हता. होमेवर माणसंच दोन. तेव्हा थॉमसला पाटीवर लिहून सगळं समजावलं. त्याने ते दोनदा वाचलं, टोपी घातली आणि आपणहून सार्नेलला येऊन कैद झाला. बेटावर तुरुंगाची एकच खोली, ती दारूच्या गुत्त्याला लागून. थॉमस दिवसभर गुत्त्यात सफरचंदाची दारू पीत बसायचा, रात्री कोठडीत झोपायला जायचा. सगळे त्याला पाजायचे, कारण तो आमचा एकुलता एक कैदी होता.

खुराडं पुरं झालं. अदलाबदलीचा दिवस ठरला. दगडी वाटेच्या मधोमध सगळे लोक जमले. इकडून थॉमसला आणलं, तिकडून राशेलबाई साहेबांना घेऊन आली. थॉमस पाय ओढत होता, आणि साहेब इतके सावकाश चालत होते की पाणी पुन्हा घोट्याला लागायला लागलं.

"चला की आता," राशेलबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. तिने तलवार त्यांच्या हातात दिली. तलवारीला अजून कोबीचा वास येत होता. "तुमच्या छपराची डावी बाजू अजून गळतेय. सांगायचं राहिलं होतं."

"मी येऊन बघतो."

"शत्रूच्या मुलखात असं येता येत नाही."

"आता तह झालाय, बाईसाहेब."

"मग या," ती म्हणाली आणि पाठ वळवून झपझप निघून गेली.

ते जातच राहिले. गव्हर्नर होते तोवर दर आठवड्याला, ओहोटी बघून, हातोडा घेऊन. छप्पर कधीच पुरतं दुरुस्त झालं नाही. ते नीट बसवायचे आणि राशेलबाई शिडी लावून पुन्हा कुठेतरी खिळा उपटायची. हे मी स्वतः पाहिलंय. साहेबांनीही पाहिलं असणार, कारण ते काही आंधळे नव्हते. दोघंही त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मुदत संपली, ते इंग्लंडला बहिणीकडे राहायला गेले. एक पायदळातले जनरल त्यांच्या जागी आले, सज्जन होते, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. राशेलबाई दोन हिवाळ्यांनी न्यूमोनियाने गेली. मी साहेबांना कळवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा इंग्लंडमधल्या माझ्या भाचीच्या घरी जायला निघाले होते ती वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. समुद्रापासून लांब, विटांच्या घरांची सरळ गल्ली.

बहिणीने चहा दिला. ती बोलकी होती. "पेरिग्रिनला सांगा काहीतरी," ती म्हणाली. "अर्धी गल्ली त्याला घाबरते. हातोडा घेऊन कुणाच्याही शेडवर चढतो. असं होतं तरी काय त्या तुमच्या बेटावर?"

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक युद्ध होतं, डोरोथी. मी हरलो."

"तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

मला गाडी गाठायची होती. ते स्टेशनापर्यंत सोडायला आले, हट्टाने माझी पिशवी घेऊन. फलाटावर उभे राहून त्यांनी विचारलं, तिला कुठे पुरलंय. मी सांगितलं, होमेवरच, वरच्या अंगाला, जिथे वारा कमी लागतो. त्यांनी मान हलवली. मग परतीच्या बोटीत वारा नैर्ऋत्येचा असेल, तेव्हा डाव्या बाजूला, आडोशाला बसा, असं बजावलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.